पाककृतीचं पुस्तक हातात घेतलं की आधी पांढऱ्या रश्श्याचं पान उघडा

आमच्या घरात पाककृतींची आणि एकूणच खाण्यापिण्याबद्दलची मिळून एकसष्ट पुस्तकं आहेत, म्हणजे वहीत तरी एकसष्ट आहेत, कपाटात आत्ता पस्तीस-चाळीसच असतील. बाकीची इथंच कोल्हापुरात मंगळवार पेठेत, राजारामपुरीत, दोन उचगावला आणि एक पार गडहिंग्लजला माझ्या मावसबहिणीकडं गेलंय. आणि कपाटात जी दिसतात त्यातली डझनभर दुसऱ्यांची आहेत. पुस्तकं अशी फिरती राहतात म्हणूनच आमच्या हाताला सारखं नवीन काहीतरी लागतं. दर आठ दिवसांनी कुणीतरी विचारतं, वैनी एखादं चांगलं पुस्तक सांगा की, आणि मला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून सगळं एकदा सलग लिहून काढतेय, शोधायचं कुठं, घेण्याआधी बघायचं काय, आणि वाचून झालं की दुसऱ्याच्या हातात द्यायचं कसं. हे शेवटचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्या पुस्तकातनं चार घरांनी करून बघितलंय आणि मागं लिहून ठेवलंय की काय जमलं, काय फसलं, ते पुस्तक मी नव्या कोऱ्यापेक्षा आधी उचलते.

आधी घरचा माळा

दुकानात जायच्या आधी घरातलं बघा. माळ्यावरची ट्रंक, देवघराखालचा कप्पा, आईच्या कपाटातला साड्यांच्या खालचा थर, सासूबाईंची जुनी पेटी. आपल्याकडं पाककृतीची पुस्तकं पुस्तकांच्या कपाटात कधी नसतातच, ती स्वयंपाकघरात डब्यांच्या मागं नाहीतर माळ्यावर असतात. काय सापडतं सांगते : लग्नात आहेर म्हणून आलेलं पुस्तक, महिला मंडळाच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका जिच्यात शेवटची दहा पानं पाककृती असतात, मासिकांची कापून ठेवलेली पानं, आणि प्रेशर कुकर नाहीतर मिक्सरबरोबर आलेली पुस्तिका. ही पुस्तिका लोक आधी रद्दीत टाकतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण कंपनीनं ती त्याच भांड्यासाठी बनवलेली असते आणि तिच्यात पाणी किती, वेळ किती हे आकड्यात दिलेलं असतं, जे आपल्या बऱ्याच छापील पुस्तकात नसतं.

सापडेल ते सगळं एका वहीत लिहा. पुस्तकाचं नाव, लेखिका, साल, आवृत्ती, कुणाचं होतं, कुणी दिलं. साल आणि आवृत्ती मुखपृष्ठामागच्या पानावर असते, तिथंच आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर असेल तर तो पण उतरवा, २००७ च्या आधीच्या पुस्तकांत तो दहा आकडी असतो, नंतरच्यांत तेरा आकडी, आणि भारतात छापलेल्या पुस्तकांचा तेरा आकडी नंबर बहुतेक ९७८-८१ नाहीतर ९७८-९३ नं सुरू होतो. नंतर तेच पुस्तक दुसऱ्या कुणासाठी शोधायचं झालं की नावापेक्षा या नंबरानं पटकन मिळतं, कारण पाककृतीच्या पुस्तकांची नावं सारखीच असतात, अन्नपूर्णा म्हणून शोधलं तर ढिगानं येतात.

वाटी मोजून घ्या, हे टाळू नका

हे काम दहा मिनिटांचं आहे आणि याच्याशिवाय पुढचं काहीच नीट होत नाही. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं, आणि ते घराघरात गेलं त्याचं एक मोठं कारण म्हणजे मापं वाटी-चमच्यात होती, तराजू नसलेल्या घरातल्या नव्या सुनेला पण करता येईल अशी. पण वाटी कुणाची? माझ्याकडची रोजची स्टीलची वाटी १६० मिलीची भरते, शेजारच्या काकींची २१०. एकाच पाककृतीतनं आम्हा दोघींचे वेगवेगळे पदार्थ होत होते आणि दोघी पुस्तकाला दोष देत होतो.

किचनच्या वजनकाट्यावर रिकामी वाटी ठेवा, काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. काटा नसेल तर औषधाच्या बाटलीवरच्या मापाच्या टोपणानं मोजत भरा. तो आकडा पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलनं लिहून ठेवा. चमचे पण बघा, चहाचा चमचा ५ मिली आणि मोठा १५ मिली धरतात, आणि इंग्रजी पुस्तकातला कप अमेरिकन असेल तर साधारण २४० मिली, बऱ्याच इतर ठिकाणी २५०. ऑस्ट्रेलियाचं पुस्तक असेल तर तिथला मोठा चमचा २० मिलीचा असतो, केकात सोडा घालताना हे कळलेलं बरं असतं.

आता एक बारकावा. पाककृतीत सगळीच मापं वाटीत असतील तर वाटी लहान-मोठी असून फरक पडत नाही, प्रमाण तेच राहतं. गडबड होते ती वाटी आणि दुसरं माप एकत्र आलं की, म्हणजे दोन वाट्या पीठ आणि एक चमचा सोडा, नाहीतर एक वाटी रवा आणि दोन अंडी. अशी पाककृती दिसली की तिथंच समासात खूण करा, नंतर फसणार असेल तर तिथंच फसणार.

बाहेर कुठं कुठं बघायचं

भवानी मंडपाजवळचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे. इतक्या जुन्या वाचनालयात पाककृतीची पुस्तकं नुसती आत्ताची नसतात, आता बाजारात न मिळणारी पण निघतात. तिथं काय किंवा कुठल्याही वाचनालयात काय, काउंटरवर जाऊन नुसतं पाककृती असं विचारलं की समोरचं एकच कपाट दाखवतात. मी तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारते : पाककृती, आहार आणि आरोग्य, आणि लोकजीवन किंवा सणवार. तिसऱ्यात जे मिळतं ते पहिल्यात कधीच मिळत नाही. ड्युई पद्धतीनं, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावलेलं ग्रंथालय असेल तर अन्नपदार्थ ६४१ मध्ये, स्वयंपाक ६४१.५ ला आणि खाण्यापिण्याच्या चालीरीती ३९४.१ ला असतात. हे तीन आकडे मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. विद्यापीठातलं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय मोठं आहे, घरात कुणी तिथं शिकत असेल किंवा शिकवत असेल तर त्यांच्यामार्फत काय बघता येतं ते विचारून घ्या.

रद्दीची दुकानं दिवाळीनंतर आणि शाळांच्या परीक्षा संपल्यावर बघायची. दिवाळीनंतर घरं आवरताना जुने दिवाळी अंक बाहेर पडतात. दिवाळी अंकाची परंपराच १९०९ ची, काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा काढला तेव्हापासूनची, आणि त्यात खाण्यावरचे लेख, आठवणी, एखाद्या गावाच्या जेवणावळीचं वर्णन असं कायम काहीतरी असतं. रद्दीवाल्या मामांना एकदा सांगून ठेवा की पाककृतीचं काही आलं तर बाजूला ठेवा, आणि खरंच ठेवलं तर तिथं घासाघीस करू नका. मी किलोचा भाव सोडून वरती पैसे देते आणि त्यामुळं दोन-तीन महिन्यांनी फोन येतो, ताई या, आलंय बघा.

पुस्तक प्रदर्शन लागलं की मी शेवटच्या दोन दिवसात जाते. गर्दी कमी असते, उभं राहून दहा पानं वाचता येतात, आणि स्टॉलवरच्या माणसाला पण बोलायला वेळ असतो. ऑनलाइन घेणार असाल तर आधी नमुना पानं बघा. मला एकदा एका साइटवरनं घेतलेल्या पुस्तकाचा अनुभव फार वाईट आला, वर कोल्हापुरी स्वयंपाक असं लिहिलेलं आणि आत निम्म्या भाज्या टोमॅटो-काजूच्या ग्रेव्हीतल्या. परत पण घेतलं नाही.

अजून एक रस्ता सांगते, हा कुणी फारसा वापरत नाही. चांगल्या पुस्तकाची प्रस्तावना वाचा आणि शेवटची संदर्भांची यादी वाचा. लेखिकेनं कुणाचं नाव घेतलंय, कुठल्या पुस्तकातनं शिकल्याचं म्हटलंय, ते लिहून घ्या आणि पुढच्या वेळी ते पुस्तक मागा. माझ्या यादीतली निम्मी तरी पुस्तकं अशी एकातनं दुसरं मिळालीत.

घेण्याआधी, उभ्या उभ्या

मुखपृष्ठ, फोटो, पाचशे एक पाककृती वगैरे आकडा, हे काही बघायचं नाही. जो पदार्थ तुम्हाला डोळे झाकून येतो त्याचं पान उघडायचं. आम्हा कोल्हापूरकरांना पांढरा रस्सा. त्यात हळद घातलेली दिसली की मी पुस्तक खाली ठेवते. मटण शिजवलेलं अळणी पाणी वापरायला सांगितलंय का बघायचं, नारळाचं दूध कधी घालायचं ते सांगितलंय का, आणि दूध घातल्यावर आच मंद ठेवून हलवत राहा नाहीतर फुटतं, एवढी ओळ आहे का. ही ओळ ज्यानं लिहिली त्यानं रस्सा स्वतः केलाय. तीळ, खसखस, काजू, यातलं काय किती यात घराघराचा फरक असतो, त्यावरनं पुस्तक नाकारू नका. शाकाहारी घरात पुरणपोळीच्या दिवशीच्या कटाच्या आमटीचं पान उघडा, कट म्हणजे पुरणाच्या डाळीचं पाणी हे ज्या पुस्तकाला माहीत आहे ते पुढं पण बरं निघतं.

मग एक अजिबात न येणारा पदार्थ उघडा आणि मनातल्या मनात करून बघा. साहित्य ज्या क्रमानं लागतं त्या क्रमानं लिहिलंय का, किती माणसांना पुरेल ते आहे का, आणि नजरेला दिसणाऱ्या खुणा आहेत का. मध्यम आचेवर दहा मिनिटं परता एवढंच असेल तर माझ्या शेगडीवर ते करपेल आणि तुमच्या शेगडीवर कच्चं राहील. कांदा कडेनं तांबूस व्हायला लागला, कडेला तेल सुटलं, खोबऱ्याचा खरपूस वास यायला लागला, असं लिहिलेलं असेल तर कुठल्याही शेगडीवर जमतं. तिसरं, मागं सूची आहे का बघा, पदार्थाच्या नावाची आणि जमलं तर साहित्याची पण. घरात दोन किलो दोडके आलेत तर दोडक्यावरनं पदार्थ शोधता आला पाहिजे ना.

यात पास झालं तरी लगेच विकत घेऊ नका. वाचनालयातनं आणा किंवा कुणाकडनं तरी मागून घ्या, तीन पदार्थ करा, एक रोजचा, एक सणाचा, एक पूर्ण नवा. तिन्ही जमले तर घ्या.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची पुस्तकं

छापील मराठी पाककृतीच्या पुस्तकांत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं आहे, आणि लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० चं, त्यात तर हजार पाकक्रिया आहेत. सूप म्हणजे इथं हॉटेलातलं सूप नव्हे, सूपशास्त्र म्हणजे स्वयंपाकाचं शास्त्र. अशी जुनी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन केलेली मिळतात, शोधताना मराठी नाव, इंग्रजी स्पेलिंग, लेखकाचं नाव असं तिन्ही प्रकारे टाकून बघा कारण ज्यानं अपलोड केलं त्यानं स्पेलिंग कसं केलं असेल सांगता येत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवर पण बरीच पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, आणि मराठी विश्वकोश तर ऑनलाइन आहेच, एखाद्या धान्याबद्दल किंवा मसाल्याबद्दल पक्की माहिती पाहिजे असली की मी आधी तिथं जाते.

जुनं पुस्तक वाचताना अडचण येते ती मापांची. आपल्याकडं मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, त्याच्या आधीची पुस्तकं शेर, पावशेर, नवटाक, छटाक, तोळ्यात बोलतात. ८० तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम, त्या हिशेबानं पावशेर २३३, नवटाक ११७, छटाक ५८, आणि तोळा ११.६६ ग्रॅम. पण थांबा, शेर सगळीकडं सारखा नव्हता, मुंबईचा शेर यापेक्षा बराच लहान होता, म्हणून पुस्तकाच्या सुरुवातीला मापांचं कोष्टक दिलंय का ते आधी बघायचं आणि मगच हिशेब मांडायचा. मी पहिल्यांदा एक गोड पदार्थ करताना कोष्टक न बघता पक्का शेर धरला होता आणि साखर कुठल्या कुठं गेली. तेव्हापासून जुन्या पाककृतीचं आधी एक चतुर्थांश करून बघते.

आचेचं पण तसंच. चुलीवरचे निखारे खाली-वर ठेवायला सांगितलेले असतात, तिथं जाड बुडाचं भांडं, खाली तवा, आणि वर गरम पाण्याचं झाकण असं करून भागतं.

पाककृती नसलेलं वाचन

हा भाग माझ्या सगळ्यात आवडीचा आहे. नुसत्या पाककृती वाचून हात तयार होतो पण आपण जे खातो ते असं का आहे हे कळत नाही. दुर्गाबाई भागवतांचं 'खमंग' वाचा, एवढी मोठी विदुषी स्वयंपाकाकडं किती गंभीरपणे आणि किती प्रेमानं बघते ते कळतं. पुलंचा 'माझे खाद्यजीवन' हा लेख तर पाठच असेल, नसेल तर आजच वाचा. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्याबद्दल आहे, आणि ते वाचल्यावर आपल्या कपाटातल्या बाकी पुस्तकांत कुणाकुणाचं स्वयंपाकघर आलेलंच नाही ते ठळक दिसायला लागतं. पुस्तकं फिरवणारा आमचा दर शनिवारचा ग्रुप आहे, त्यात ते वाचल्यावर दोन शनिवार दुसरा विषयच निघाला नाही. इंग्रजी चालत असेल तर के. टी. अचया यांचं भारतीय अन्नाच्या इतिहासावरचं १९९४ चं पुस्तक आहे, आणि सई कोरान्ने-खांडेकर यांचं 'पंगत' २०१९ चं, मराठी स्वयंपाकघरांवरचं, परदेशात वाढलेल्या नातवंडांना द्यायला चांगलं.

अजून मागं जायचं असेल तर 'मानसोल्लास' आहे, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा, बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ. त्यात अन्नभोग म्हणून भाग आहे आणि मंडक म्हणजे आपले मांडे त्यात सापडतात. बेळगावात मांडे अजून होतात, ते खाताना हे आठवलं की मला दरवेळी अंगावर काटा येतो.

आणि आपल्या गावाबद्दल वाचायचं तर कोल्हापूरचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांच्या काळातला सरकारी माहितीग्रंथ, मुंबई इलाख्याचा चोविसावा खंड, १८८६ सालचा. कुठली माणसं रोज काय खायची, सणाला काय करायची, हे जातीवार लिहिलंय. साहेबाच्या नजरेनं लिहिलंय हे डोक्यात ठेवून वाचायचं, बऱ्याच ठिकाणी राग येतो, पण ज्वारी-नाचणीचा आणि रोजच्या जेवणाचा एवढा जुना लेखी पुरावा दुसरीकडं कुठं मिळायचा.

सरकारी कागद कंटाळवाणे असतात असं समजू नका. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आजरा घनसाळ तांदळाला त्यानंतर मिळालं, आणि या अर्जात माती, पाणी, करायची पद्धत असं सगळं लिहिलेलं असतं, चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये ते फुकट वाचता येतं. आपल्याकडं प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, राहुरी कृषी विद्यापीठाची कृषिदर्शनी, म्हणजे शेतीच्या माहितीचं पुस्तक, दरवर्षी निघते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ ला भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढलेत, ५२८ पदार्थांत काय काय आहे ते त्यात आहे. घरात कुणाला शुगर असेल तर फॉरवर्ड मेसेजपेक्षा तो तक्ता उघडा.

आत्तीची वही उतरवताना

हाताने लिहिलेल्या वह्या पण पुस्तकंच आहेत, आणि त्या सगळ्यात आधी नष्ट होतात. म्हणून हे काम आजच करा.

वही खिडकीजवळ टेबलावर सपाट ठेवा, फ्लॅश बंद, सकाळचा उजेड, मोबाईल दोन बाजूला पुस्तकांची चळत रचून त्यावर आडवा ठेवा म्हणजे हात हलत नाही. एकेक पान, मुखपृष्ठ आणि मधे खुपसलेल्या चिठ्ठ्या पण. फाईलला नाव द्या, आत्ती-वही-पान-१२-उकडपेंडी असं, नाहीतर वर्षानं तुमचं तुम्हालाच सापडणार नाही. छापील देवनागरी मोबाईलला बऱ्यापैकी वाचता येते, हाताचं अक्षर फारसं नाही, त्यामुळं मी मोठ्यानं वाचून मराठी व्हॉइस टायपिंगनं उतरवते आणि मग आकडे पुन्हा वहीशी ताडून बघते. पाव आणि पाऊण यात मोबाईल हमखास घोळ घालतो.

खरी अडचण अंदाजाची. आत्तीच्या वहीत उन्हाळ्यातल्या चटणीचं पान आहे, आता कोल्हापुरात चटणी म्हटलं की कांदा-लसूण चटणीच, वर्षाची, डंकावर कुटून आणलेली. पानावर मिरची एक किलो एवढं लिहिलंय आणि पुढं तीळ मूठभर, मीठ हाताच्या अंदाजानं, खोबरं लागेल तसं. आत्तीला विचारलं तर म्हणते, अगं दिसतंय की किती ते. मग आम्ही असं केलं, तिला काही विचारायचंच नाही, तिच्यासमोर सगळे डबे ठेवायचे आणि प्रत्येक डब्याचं वजन ती हात घालायच्या आधी आणि नंतर करायचं. तिळाचा डबा आधी ६१२ ग्रॅम, नंतर ५७४, म्हणजे आत्तीची मूठ ३८ ग्रॅमची. असं सगळं केलं. मधेच तिनं न सांगता अजून एक चिमूट मेथी टाकली आणि ती वहीत नव्हतीच, डबा हलका झाला म्हणून कळलं. मी विचारलं, तर म्हणाली ते काय लिहायचं असतंय व्हय. तेव्हा वही उतरवताना शेजारी बसून करून बघा, नुसतं टाईप करून थांबू नका. मिरच्यांची नावं पण विचारून घ्या, रंगाला ब्याडगी किती, संकेश्वरी किती, तिखटाला लवंगी किती, एक किलो मिरची म्हणजे हे तीन आकडे असतात.

फिरवायचं कसं

पुस्तकं बदलायची आमच्या ग्रुपची वेळ शनिवारी दुपारी चार. रविवार ठेवून बघितला होता पण कोल्हापुरात रविवारी घरोघरी मटण असतं, त्या दिवशी कुणाला वेळ नसतो. शनिवारी बऱ्याच घरात शाकाहारी असतं, स्वयंपाक लवकर आटपतो. आम्ही अकरा जणी आहोत आणि दोन दादा. यापेक्षा जास्त झालो की पुस्तकांचा हिशेब राहत नाही, मग दुसरा ग्रुप करायचा.

एका वेळी एकच पुस्तक न्यायचं, एकवीस दिवस. वहीत तारीख आणि नाव लिहायचं, मोबाईलमध्ये नाही, वहीत, कारण वही समोर दिसते. परत आणताना त्यातला किमान एक पदार्थ करून आणायचा किंवा केल्याचं सांगायचं, जमला नाही तर तेही सांगायचं. ही अट नव्हती तेव्हा पुस्तकं नुसती फिरून येत होती आणि पुढच्या माणसाला काहीच कळत नव्हतं.

आणि चिठ्ठी. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या मलपृष्ठाला आतनं पाकीट चिकटवलंय, त्यात कार्ड असतं. पानांवर पेननं कुणी लिहायचं नाही. कार्डावर तारीख, पदार्थ, पान, वाटी किती मिलीची, काय बदललं, काय झालं. एका कार्डावर असं आहे : संक्रांत, तिळाच्या वड्या, पान ११४, वाटी १६०, चिक्कीचा गूळ नव्हता, साधा घेतला, वड्या मऊ झाल्या. खाली दुसऱ्या अक्षरात : चिक्कीचा घेतला, वाटी २१०, पाक जास्त शिजला, कडक झाल्या, पाण्यात थेंब टाकून गोळी वळली की लगेच उतरवा. खाली तिसरं : वरचं वाचून केलं, जमलं. तीन वर्षांत तीन बायकांनी मिळून ती पाककृती नीट केली आणि त्यातल्या दोघी एकमेकींना भेटलेल्या पण नाहीत.

व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे, पण त्यावर अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ टाकायची नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलंय. लेखक गेल्यानंतर साठ वर्षांपर्यंत कॉपीराइट असतो आपल्याकडं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी एखाद्या बाईनं आयुष्यभर करून बघून लिहिलेलं फुकट वाटायचं मला पटत नाही. आपण केलेल्या पदार्थाचा फोटो टाका, आपल्या शब्दात कसं केलं ते लिहा, आणि खाली पुस्तकाचं नाव आणि पान. तेवढ्यावरनं आमच्यातल्या चौघींनी पुस्तक विकत घेतलंय. ज्यांचा लेखक जाऊन साठ वर्षं उलटून गेलीत ती जुनी पुस्तकं खुशाल वाटा.

गावाबाहेर पाठवायचं असेल तर पोस्टाची ज्ञान पोस्ट सेवा बघा, १ मे २०२५ पासून सुरू झालीय, सुरुवातीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, आणि ट्रॅकिंग मिळतं. पुस्तक आधी प्लास्टिकमध्ये, मग कोपऱ्यांना पुठ्ठा, मग पाकीट. आत आपला पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवा, वरचं पाकीट फाटलं तरी परत येतं.

पावसाचं

जून लागला की मी बाहेर गेलेली जुनी पुस्तकं परत मागवते. नवी फिरू देत. पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर काढून टाका, आत दमट राहतं आणि बुरशी धरते, ब्राऊन पेपर बरा. पुस्तकं भिंतीला चिकटवून लावू नका, कपाटात कडुनिंबाची वाळलेली पानं ठेवा, पंधरा दिवसांतनं एकदा पंख्याखाली उघडी ठेवा. फाटलं तर साधी चिकटपट्टी अजिबात नको, ती पिवळी पडते आणि पान घेऊन निघते, खळ आणि पातळ कागद वापरा. आणि करताना पुस्तक ओट्यावर ठेवूच नका, पाककृती कागदावर उतरवून घ्या आणि तो कागद फरशीला लावा.

दोन वर्षांपूर्वी एक पुस्तक भिजून आलं. कुणाच्या घरात गळलं ते सांगत नाही, त्या बाईला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. ओल्या पानांच्या मधे टिश्यू घालत, दर दोन तासांनी बदलत, उभं करून पंख्याच्या वाऱ्यावर तीन दिवस ठेवलं, ऊन दाखवलं नाही, उन्हानं पानं वाकडी होतात. एक सोडून सगळी सुटली. अनारशाचं पान गेलं. ग्रुपमध्ये विचारलं तर राजारामपुरीतल्या काकींनी तेच पान कधीतरी वहीत उतरवून घेतलेलं निघालं, ते मी जाड कागदावर लिहून काढलं आणि जुन्या पानाच्या जागी खळीनं चिकटवलं, खाली काकींची वाटी किती मिलीची ते पण विचारून लिहिलंय, १८०.